बधिर पाय, जळते पाय : न्यूरोपॅथी घेऊन जगताना

दर रविवारी सकाळी आपल्या विहारात सामुदायिक वंदना होते. सर्व उपासक-उपासिका सतरंजीवर बसतात. मागच्या भिंतीला लागून पाच खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांवर आम्ही बसतो. पंचांग प्रणामाची वेळ आली की सारे सभागृह खाली वाकते आणि आम्ही जागच्या जागी हात जोडून मान लववतो. नव्याने येणाऱ्यांना हे खटकते याची आम्हास कल्पना आहे. गेल्या वर्षी एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वंदना आटोपल्यावर सरळ विचारलेच, "काका, भगवंतांसमोर खुर्चीवर बसणे बरे दिसते का?" त्याने विचारले ते चांगले केले. बाकीचे नुसते पाहतात.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आरोग्यविषयक लेख मागितला, तेव्हा त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे असे आम्हा खुर्चीवाल्यांचे ठरले. लिहिले एकाने, पण भर प्रत्येकाने घातली आहे. म्हणून लेखात सर्वत्र 'आम्ही'.

आमच्यात एक निवृत्त गिरणी कामगार, एक बस कंडक्टर आणि एक शिक्षिका ताई, असे तिघे मधुमेहाचे रुग्ण आहेत. चौथ्यांना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. पूर्ण औषधोपचार होऊन तो केव्हाच बरा झाला, परंतु तोवर मज्जातंतूंचे जे नुकसान झाले ते तसेच राहिले. पाचव्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले आणि ते कळायलाच दोन वर्षे गेली. तोवर कंबरेचे दुखणे समजून पट्टा बांधून फिरत होते. कारणे निरनिराळी, दुखणे मात्र एका नावाचे. डॉक्टर त्याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. साध्या मराठीत, हातापायांच्या मज्जातंतूंचा विकार.

मज्जातंतू म्हणजे शरीरातील तारा समजा. मेंदू व मणक्यातील मज्जारज्जू हे मुख्य केंद्र, आणि तेथून निघालेल्या तारा बोटांच्या टोकांपर्यंत जातात. काही तारा हुकूम घेऊन खाली जातात, त्यामुळे स्नायू हलतात. काही तारा खबर घेऊन वर येतात : जमीन तापली आहे, खडा टोचला, पाऊल वाकडे पडले. सर्वांत लांब तारा कंबरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत जातात. त्यांची लांबी सुमारे एक मीटर भरते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की या तारांना रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्याही बिघडतात आणि तंतूही आतून खराब होतात. सर्वांत लांब तार आधी बिघडते, म्हणून दुखणे पायाच्या बोटांपासून सुरू होते, दोन्ही पायांत जवळजवळ सारखेच, आणि मोजा वर ओढावा तसे हळूहळू वर सरकते. गुडघ्याच्या आसपास पोहोचले की मग हातांची बोटेही बधिर होऊ लागतात.

येथे एक गोष्ट आमच्या घरच्यांनाही समजावून घ्यायला वेळ लागला. पाय बधिर आहे, मग दुखतो कसा? आणि दुखतो, मग चटका कसा कळत नाही? दोन्ही खरे असते. बिघडलेली टेलिफोनची तार खरा निरोप पोहोचवत नाही, पण खरखर मात्र करीत राहते. तसेच हे. तळपायाला चिमटा काढला तर कळत नाही, आणि मध्यरात्री कुणी न शिवता पायाची आग आग होते, टाचण्या टोचतात, विजेची सणक जाते. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. दिवसा माणूस चारचौघांत असतो, कामात असतो, त्यामुळे दुखणे तितके जाणवत नाही. रात्री सगळे झोपले की ते जागे होते. आमच्या ताईंनी कित्येक रात्री मोरीतल्या गार फरशीवर पाय टेकून काढल्या आहेत.

वेदनेपेक्षा अशक्तपणा उशिरा येतो आणि चोरपावलांनी येतो. प्रथम चप्पल पायातून निसटते आणि दहा पावले गेल्यावर कुणीतरी मागून हाक मारून सांगते. मग चवडा नीट उचलला जात नाही, सतरंजीच्या कडेला अंगठा अडतो. उकिडवे बसता येते पण उठता येत नाही. चाळीत राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय, हे निराळे सांगायला नको : सार्वजनिक संडासात दाराची कडी धरून उठावे लागते आणि बाहेर रांग खोळंबलेली असते. तोल जाणे हे आणखी एक. निरोगी माणसाचे पाय अंधारातही जमिनीचा अंदाज घेत असतात; आमच्या पायांचे ते काम डोळे करतात. म्हणून तोंड धुताना डोळे मिटले की आम्ही डोलतो, आणि वीज गेली की जागेवरच उभे राहतो. संध्याकाळी जिन्यात भिंत धरून उतरणाऱ्या एका आमच्या सोबत्यास शेजाऱ्याने दारू पिऊन आल्याचे ठरविले होते. त्यांनी आयुष्यात थेंबाला शिवलेले नाही. पंचशीलाचे पालन करणाऱ्या माणसाला ते किती लागले असेल!

आता गेल्या काही वर्षांपूर्वीच्या बुद्ध पौर्णिमेची हकीकत सांगतो. मे महिना, दुपारचे बारा. विहाराबाहेर धम्मध्वजारोहण झाले, मग सर्वांनी अनवाणी अंगणातून आत जायचे. फरशी तापलेली. मुले उड्या मारीत पळाली, बायका पदर सावरीत लगबगीने गेल्या. आमचे गिरणी कामगार मित्र तेवढे शांतपणे, ओळीत उभे राहून, अर्धा तास खीर वाटपाला मदत करीत राहिले. त्यांना काहीच जाणवत नव्हते. रात्री नातीने चादरीवर ओला डाग पाहिला. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड येऊन फुटले होते. जखम भरायला चार महिने लागले आणि उजव्या पायाचे एक बोट गेले. त्या दिवशी अंगणात दोनशे माणसे होती, त्यांत आम्हीही होतो. कुणालाही सुचले नाही की या माणसाच्या पायात काहीतरी घालायला हवे.

पुढे आम्ही त्यांना म्हटले की विहारात येताना मऊ चप्पल घालून या, तेव्हा त्यांचेच मन घेईना. "विहारात चप्पल? नाही जमायचे." भंतेजींना विचारले. त्यांनी आम्हास विनयपिटकातील महावग्ग वाचावयास सांगितला आणि तेथे जे सापडले ते विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे आहे.

चंपा नगरीच्या एका धनिकाचा मुलगा सोण कोळिविस हा फार नाजूक पायांचा. तो भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करीत साधना करू लागला. चालून चालून त्याचे पाय फुटले, वाट रक्ताने माखली. भगवंतांनी येऊन त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला, तो आपणांस ठाऊक आहे : तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. दृष्टान्त सर्वांच्या लक्षात राहतो. त्यापुढचे कुणी सांगत नाही. पुढे तथागतांनी त्याला एकपदरी वहाणा घालण्याची परवानगी दिली. सोणाने नम्रपणे सांगितले की एवढी संपत्ती सोडून आलो, आता मी एकट्यानेच वहाणा घातल्या तर लोक बोलतील. संघाला परवानगी मिळाली तर मीही घालीन. तेव्हा ती अनुज्ञा साऱ्या संघाला मिळाली.

आणखी पुढे असे येते. आरामात, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या आवारात, वहाणा घालू नयेत असा नियम झाला होता. एका भिक्खूच्या पायाला कुरूप झाले. त्याला शौचाला न्यायचे तर इतर भिक्खू हातांवर उचलून नेत. भगवंतांनी ते पाहिले, विचारपूस केली आणि ज्याचे पाय दुखतात, फुटले आहेत किंवा ज्याच्या पायाला कुरूप आहे त्याने वहाणा वापराव्यात असे सांगितले. त्यानंतर रात्री काट्याखुंटांनी पाय दुखावतात असे दिसल्यावर आवारातही वहाणा, दिवा आणि काठी वापरण्याची मुभा दिली. वहाणा, दिवा, काठी. आमच्या डॉक्टरांनी न्यूरोपॅथीच्या रुग्णांना सांगितलेल्या तीन वस्तू याच! अडीच हजार वर्षांपूर्वी नियम करणाऱ्याने दुखणाईताचा पाय पाहून नियम बदलला, हे आम्हास फार मोठे वाटते. स्वतः भगवंतही वृद्धपणी पाठ दुखू लागली की सारिपुत्तासारख्या शिष्यास पुढील प्रवचन द्यायला सांगून आडवे होत, असे सुत्तांत आले आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घरातले. १९४८ च्या प्रारंभी, घटनेच्या मसुद्याचे काम चालू होते त्याच सुमारास, मधुमेह व पायांतील वेदनांनी त्यांना जेरीस आणले होते. कित्येक रात्री झोपेविना जात. त्या काळचे डॉक्टर या दुखण्यास न्युरायटिस म्हणत. धनंजय कीर यांच्या चरित्रात हा भाग आला आहे. मसुदा समितीने आपला मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी घटना परिषदेच्या अध्यक्षांना सादर केला. मुंबईत उपचारांच्या निमित्ताने ज्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला, त्यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. आज मज्जातंतूंच्या वेदनेवर जी औषधे मिळतात त्यांपैकी एकही त्या काळी नव्हते. इन्शुलिन होते, तेवढेच.

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा प्रसंग आठवा. भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले त्या सोहळ्यात बाबासाहेब व्यासपीठावर उभे राहिले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून. आपण त्या दिवसाची चित्रे घरोघरी लावतो. त्या काठीकडे आणि त्या खांद्याकडे किती जण पाहतात? आम्ही पाहतो. आधार घेण्याची लाज वाटली की आम्ही तो प्रसंग आठवतो.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर पुढचा भाग त्यांना वाचून दाखवा.

हा विकार मधुमेहाने सर्वाधिक होतो, परंतु प्रत्येक वेळी मधुमेहच असतो असे नव्हे. अंगावर फिकट, संवेदनाहीन चट्टा आणि सोबत हाताची बोटे वाकडी होणे किंवा चवडा लोंबणे, असे असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि लवकर सुरू केला तर मज्जातंतू वाचतात. दारूने होतो. वर्षानुवर्षे मांस, मासे, अंडी आणि दूध यांपैकी काहीच पुरेसे पोटात न गेल्यास बी-१२ कमी पडून होतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांतही बी-१२ घटू शकते, म्हणून गोळी न सोडता अधूनमधून रक्त तपासावे. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळेही पायांना मुंग्या येतात. त्यासोबत बी-६ ची गोळी देतात ती उगाच नव्हे. थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार, एचआयव्ही, कर्करोगावरील काही औषधे ही कारणेही आहेत.

एक प्रकार मात्र तातडीचा. पायांतील अशक्तपणा वर्षांनी नव्हे तर काही दिवसांतच वर चढू लागला, उठता येईना, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. याला गियाँ-बारे सिंड्रोम म्हणतात. १९२५ च्या जानेवारीत नव्हे, अगदी अलीकडे २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याची साथ आली होती आणि संशयित व निश्चित मिळून दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. वेळेवर उपचार मिळाल्यास यातील बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला टेकवतात. तो दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. डोळे मिटून तो स्पर्श कळतो का, एवढेच सांगायचे. मग एक ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि थरथर जाणवते का विचारतात. घोट्यामागे हातोडी मारून पाहतात. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते मागून घ्यावे लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मोजे काढायला कुणी सांगत नाही. आमचा सल्ला असा की आत जाण्यापूर्वीच चप्पल-मोजे काढून बसावे, म्हणजे डॉक्टरांची नजर पायाकडे जाते. मधुमेह असणाऱ्याने ही तपासणी निदान वर्षातून एकदा करून घ्यावी.

बधिर पाय सडतो, तो आपोआप, ही फार जुनी समजूत आहे. ती खोटी ठरविण्याचे मोठे श्रेय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याकडे जाते. कुष्ठरुग्णांच्या हातापायांची हानी रोग थेट करीत नाही, न जाणवलेल्या इजा आणि एकाच जागी पडणारा दाब ती करतात, हे त्यांनी दाखवून दिले. काही रुग्णांची बोटे रात्रीत नाहीशी होत. पहारा ठेवला तेव्हा कळले की झोपेत उंदीर कुरतडतात आणि रुग्णास पत्ता लागत नाही. मग त्यांनी रुग्णांना घरी नेण्यासाठी मांजरे दिली. हे वाचून आमच्यापैकी काहीजण हसले, परंतु आमचे चौथे सोबती हसले नाहीत. जुन्या चाळीत उंदीर काय करतो ते त्यांनी पाहिले आहे. आजही खाली अंथरुणावर झोपणाऱ्या बधिर पायाच्या माणसाने मच्छरदाणी नीट खोचावी, जेवणाचा वास राहील असे हातपाय घेऊन झोपू नये.

पायाची निगा म्हणजे रोज रात्री पाच मिनिटे. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा, किंवा नातवंडांना कामाला लावावे. बोटांच्या फटी पाहाव्यात. फोड, चीर, लाली, घट्टा, नखाखाली काळेपणा यांतील काहीही दिसले तर दुखत नसले तरी दाखवावे. किंबहुना दुखत नाही म्हणूनच दाखवावे. कोमट पाण्याने धुवून फटी कोरड्या कराव्यात आणि खोबरेल तेल तळव्याला लावावे, फटींत नव्हे. पाणी किती गरम आहे ते पायाने पाहू नये, कोपराने पाहावे. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर औषधी पट्टी लावू नये. आणि शेक! आपल्याकडे पाय दुखला की पहिला उपाय शेक. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेले फडके, विटेचा तुकडा. बधिर पायाला शेकाने भाजलेली माणसे आम्ही इतकी पाहिली आहेत की हा एक उपाय घरातून हद्दपार व्हावा असे वाटते.

चप्पल अंगठ्याची नसावी, कारण ती पायात ठेवायला बोटे आवळावी लागतात आणि अशक्त बोटांना ते जमत नाही. मागे पट्टा असलेली, आत मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेली चप्पल घ्यावी. एमसीआर चप्पल म्हणून मागितली की मिळते. घालण्यापूर्वी हात घालून आत खडा वा खिळा नाही ना, हे पाहावे. घरातही अनवाणी फिरू नये.

चवडा लोंबत असेल तर पायाला लावायची पट्टी मिळते, ती घोट्याला आधार देते. काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेकजण उलट धरतात. काठीच्या टोकाचे रबर झिजले की बदलावे. आंघोळ स्टुलावर बसून करावी, मोरीत भिंतीला एक लोखंडी दांडी ठोकून घ्यावी, संडासासाठी मध्ये भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मिळते ती वापरावी. रात्री शून्याचा दिवा चालू ठेवावा. व्यायाम सोडू नये. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. आमच्या कंडक्टर मित्रांना सहा महिन्यांपूर्वी बसची पहिली पायरी चढवत नव्हती. आता चढतात. तंतू दुरुस्त झाला असे नाही, स्नायू कामाला लागले.

औषधांबद्दल थोडे. मधुमेहातील न्यूरोपॅथी पूर्ण बरी करणारे औषध नाही. साखर आटोक्यात ठेवल्याने बिघाड मंदावतो. बी-१२ च्या कमतरतेत मात्र इंजेक्शने लवकर मिळाली तर बरीच सुधारणा होते. परंतु कमतरता नसताना लाल इंजेक्शनांचे कोर्स घेत राहण्यात पैसा जातो, आणि बी-६ फार मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच मज्जातंतू बिघडतात, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत आणि मधुमेह्यांच्या मूत्रपिंडास त्या घातक ठरतात. डॉक्टर अमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन किंवा ड्युलोक्सेटिन देतात. चिठ्ठीवर 'नैराश्याचे औषध' असे वाचून आमच्या ताईंनी ते महिनाभर घेतलेच नाही. "मला काय वेड लागलंय?" म्हणाल्या. ही औषधे वेदनेच्या तारांवरही काम करतात, लहान मात्रेत सुरू होतात, परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात. पहिल्याने तोंड कोरडे पडते, सकाळी गुंगी राहते. प्रोस्टेटचा वा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असल्यास आधी सांगावे. प्रीगॅबॅलिनने चक्कर येते, पायांना सूज येते आणि ते एकदम बंद करता येत नाही. वेदना पूर्ण जात नाही. निम्मी झाली तरी झोप लागते, आणि झोप लागली की उरलेली सोसता येते.

सोसण्याविषयी भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीरात रुततो. मग माणूस शोक करतो, चिडतो, स्वतःला दूषणे देतो, तो दुसरा बाण. रात्री दोन वाजता पायाची आग होत असताना आनापान करून दुसरा बाण थोडा बोथट होतो, हा आमचा अनुभव. पहिला तसाच राहतो, आणि त्यासाठी गोळी घ्यावी लागते. ध्यान करतो म्हणून औषध सोडले असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. ध्यानासाठी मांडी घालण्याचाही हट्ट नको. तासन्‌तास पायावर पाय दाबून बसल्याने गुडघ्याजवळचा मज्जातंतू चेपून चवडा लोंबू शकतो. निरोगी माणसाच्या मुंग्या उठल्यावर पाच मिनिटांत जातात. आमच्या जात नाहीत. विपश्यना शिबिरांतही गरजूंना खुर्ची दिली जाते.

राहिले ते शेजारपाजारचे बोलणे. पाय लुळे पडले की कुणी करणी म्हणते, कुणी गेल्या जन्मीचे पाप काढते. आमच्या चौथ्या सोबत्यांनी हे सर्वाधिक ऐकले. मागील जन्मीच्या कर्माने आजचे दुःख येते, या कल्पनेचा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धिनिष्ठ समाचार घेतला आहे. तो ग्रंथ कपाटात ठेवून आपल्याच वस्तीत कुणी आजाऱ्यास असे बोलत असेल, तर त्यास तेथल्या तेथे टोकावे, एवढे तरी तरुणांनी करावे. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूस तथागतांनी व आनंदांनी आपल्या हातांनी धुतले होते. त्याला कुणी त्याचे पूर्वकर्म विचारले नाही.

ज्यांचे चालणे बरेच बाधित झाले आहे त्यांनी दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. कुष्ठमुक्त व्यक्ती आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार त्यांत येतात. दाखला चाळीस टक्के वा अधिक असल्यास अनेक सवलती लागू होतात. अर्ज संगणकावर भरावा लागतो, तेव्हा विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या ज्येष्ठांना तेवढी मदत करावी.

गेल्या वर्षावासात आम्ही कार्यकारिणीस दोन विनंत्या केल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. विहाराच्या दाराशी डाव्या हातास एक लाकडी फळी बसविली आहे. तिच्यावर फक्त आत वापरायच्या, रस्त्यावर न गेलेल्या मऊ चपला ठेवलेल्या असतात. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी त्या घालून आत यावे, कुणाची परवानगी विचारू नये. बुद्ध पौर्णिमेस व १४ एप्रिलला अंगणात फाटकापासून दारापर्यंत काथ्याच्या पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी मारावयाचे ठरले आहे; पाणी मारण्याचे काम युवक शाखेकडे आहे. खुर्च्या सध्या पाच आहेत. यंदा आणखी तीन लागतील असे दिसते, कारण ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला होता, त्याचे वडील गेल्या महिन्यापासून आमच्या शेजारी बसू लागले आहेत.